आलो ओ, आलो

आमच्या वॉर्डात कचऱ्याचा नियम असा आहे : वस्तूची सगळ्यात लांब बाजू तीस सेंटिमीटरच्या आत असेल तर ती साध्या पिशवीतून जाते. त्याहून मोठी असेल तर फोन करून वेगळी नोंद करावी लागते. मी पट्टी लावून मोजलं. सव्वीस भरले. लाकूड, म्हणजे 'मोएरु गोमी', जळणारा कचरा. मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी आठच्या आत.

मी जे मोजत होतो ते माझ्या बायकोच्या लेखी आमचा मुलगा होता. हे मला माहीत होतं. माहीत नसताना केलं असतं तर हे लिहायला बसलो नसतो.

आम्हाला जुळं होणार होतं. पुण्याहून कंपनीच्या कामावर जपानला येऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. टोकियोतल्या एदोगावात, नदीपासून सायकलने पाच मिनिटांवर राहत होतो. आठवा महिना चालू होता. एका मंगळवारी दुपारी बायकोचा फोन आला. मी मीटिंगमधून उठून पॅसेजमध्ये गेलो.

"डावीकडचं सकाळपासून हललं नाहीये रे."

"झोपलं असेल."

"इतका वेळ?"

"गुरुवारी अपॉइंटमेंट आहे ना? मग? दर दोन तासांनी फोन करशील तर मी इथे काम कधी करायचं?"

ती बरं म्हणाली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिला कळा येऊ लागल्या आणि रात्रीच्या आत पोट उघडावं लागलं. आधी मुलगी काढली. ती रडली. मग मुलगा काढला. डॉक्टर म्हणाले, बहुतेक कालच गेला असावा. मंगळवारी दुपारी आलो असतो तर काय झालं असतं, हे मी त्यांना विचारलं नाही. आजपर्यंत कुणालाच विचारलेलं नाही. बायकोनेही तो फोन कधी काढला नाही. तिने काढला असता तर मी भांडलो असतो, आणि भांडलो असतो तर सुटलो असतो.

मृत जन्माची नोंद करण्याचा एक फॉर्म असतो. तो मी भरला. त्यावर आईबापाची नावं, पत्ता, आठवडे, वजन असं सगळं होतं. बाळाच्या नावाला जागा नव्हती. मला तेव्हा बरंच वाटलं. नाव ठरवलेलं होतं. ते लिहावं लागलं नाही. अंत्यविधीला मी एकटा गेलो, कारण बायको टाके घेऊन पडली होती. घरी आल्यावर जुळ्यांसाठी घेतलेल्या कपड्यांच्या जोड्यांतला एकेक कपडा वेगळा काढून खोक्यात भरला आणि खोकं वरच्या कपाटात ढकललं. त्यानंतर आमच्या घरात एकच मूल झालं होतं, असं मी ठरवून टाकलं. भारतातून फोन यायचे. मुलगी कशी आहे, गोरी आहे का, झोपू देते का. इथले शेजारी लिफ्टमध्ये कमरेत वाकायचे आणि बाबागाडीकडे न बघता बाहेर पडायचे.

फक्त एकजण वाकली नाही. आमच्या वरच्या मजल्यावर नायजेरियाची एक बाई राहायची. पन्नाशीची, योरुबा समाजातली, अबेओकुटा नावाच्या गावची. तिची आजी निळीच्या कपड्यांवर नक्षी काढायची, म्हणून ही जपानी निळीचं काम शिकायला आली आणि राहिली. दिवसा बालवाडीत इंग्रजी शिकवायची. तिच्या बोटांची नखं कायम निळी असायची. बायकोचं पोट तिने आठव्या महिन्यात पाहिलं होतं. लिफ्टमध्ये एकच बाळ पाहून ती थांबली, बायकोचा हात धरला आणि म्हणाली, "इया इबेजी."

"म्हणजे?" बायकोने विचारलं.

"जुळ्यांची आई. आमच्यात एक गेला तरी आईला असंच म्हणतात. मरेपर्यंत."

लिफ्टचं दार उघडून पुन्हा मिटलं. बायको तिथेच, तिच्या खांद्यावर डोकं ठेवून मोठ्याने रडली. दवाखान्यातसुद्धा ती अशी रडली नव्हती. मी बटण दाबून उभा होतो. मग त्या बाईने माझ्याकडे पाहून मान झुकवली. "बाबा इबेजी." बाबा त्यांच्याही भाषेत बाबाच. मी म्हणालो, "मला असं म्हणू नका, प्लीज."

ती घरी येऊ लागली. मुलगी तिला आँटी म्हणायची. हा शब्द आमच्याकडे चालतो तसा तिच्याकडेही चालतो. तिने बायकोला सांगितलं की त्यांच्या समजुतीप्रमाणे जुळ्यांत आधी येतं ते धाकटं. थोरलं मागे राहतं आणि धाकट्याला पुढे धाडतं. जा, जग चाखून बघ, बरं असेल तर आवाज दे. आवाज ऐकून मग थोरलं बाहेर येतं.

"म्हणजे आमचा थोरला," बायको म्हणाली.

"थोरला."

"मग तिचा आवाज ऐकून त्याने ठरवलं असेल, नको यायला."

मी पलीकडे लॅपटॉपवर होतो. म्हणालो, "तो आदल्या दिवशीच गेला होता. त्याने काही ऐकलं नाही." मला वाटलं, कुणीतरी खरं बोलायला हवं.

मुलगी तीन वर्षांची झाल्यावर शनिवारच्या दुपारी गोष्टी सुरू झाल्या. त्यांच्याकडे गोष्ट अशीच सुरू होत नाही. सांगणाऱ्याने हाक द्यायची, ऐकणाऱ्यांनी ओ द्यायची. हाकेला ओ मिळाली नाही तर गोष्ट नाही. ती मांडी घालून बसायची, टाळी वाजवायची आणि म्हणायची, "आलो ओ!"

मुलीने उत्तर द्यायचं, "आलो!"

त्यांच्या भाषेत त्या शब्दाचा अर्थ नुसता 'गोष्ट' असा आहे. आमच्या घरात तो मराठी होऊन पडायचा. पहिल्यांदा मुलीने खणखणीत "आलो!" म्हटलं तेव्हा बायको स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. ती पिठाचे हात घेऊन दारात आली. मुलीच्या तोंडाकडे बघत राहिली. तिने काय ऐकलं ते मला त्याच क्षणी कळलं, कारण मीही तेच ऐकलं होतं.

मी मुलीला म्हणालो, "मुली 'आलो' म्हणत नाहीत. मुलगा असेल तर आलो. तू 'आले' म्हणायचं."

"असू दे रे," बायको म्हणाली.

"भाषा बिघडते. आधीच जपानी बोलते. म्हण, आले."

"आले," मुलगी म्हणाली. त्या बाईला काही कळेना. बायकोने तिला समजावून सांगितलं. ती आधी हसली, मग तिचं हसू गेलं आणि तिने माझ्याकडे पाहिलं. पुढच्या हाकेला मुलीने पुन्हा "आलो!"च म्हटलं. ती गोष्टीची रीत होती.

मुलीची आवडती गोष्ट कासवाची. त्यांच्या बऱ्याच गोष्टींत एक लबाड कासव असतं. या गोष्टीत कासवाच्या बायकोला मूल होत नसतं. एक वैद्य तिच्यासाठी औषधी रस्सा शिजवतो आणि कासवाला बजावतो, हा तिचा आहे, तू बोटही लावू नकोस. वाटेत वास येतो. कासव झाकण उघडतं, एक घोट घेतं, मग दुसरा, मग भांडं चाटून पुसून ठेवतं. मग त्याचंच पोट फुगायला लागतं. ते रडत, गाणं म्हणत वैद्याकडे परत जातं आणि म्हणतं, मी ठेचकाळलो, हात रश्शात पडला, तो चुकून तोंडाला लागला. मुलीला हे खोटं बोलणं फार आवडायचं. "उसो!" म्हणून ओरडायची. जपानीत खोटं. "कामेसान, उसो!" कामे म्हणजे कासव.

मुलगी चार वर्षांची असताना ती बाई गावी जाऊन आली आणि बायकोसाठी कापडात बांधलेलं काहीतरी घेऊन आली. तिच्या काकांनी कोरलेली लाकडी मूर्ती होती ती, उभी, हात कमरेशी, डोकं शरीराच्या मानाने मोठं, डोळे टपोरे. केसांना नीळ चोळलेली. आपल्याकडे पांढऱ्या कपड्यांना घालायचे तसलीच नीळ. गळ्यात लाल-निळ्या काचमण्यांची माळ, मनगटाला एक कवडी.

"हा तर बाप्या दिसतो," बायको म्हणाली. "बाळ नाही वाटत."

"बाळ नाहीच कोरत आम्ही. तो मोठा होऊन जो झाला असता, तो कोरतो. डोकं मोठं, कारण माणसाचं नशीब डोक्यात. ते तो जन्माआधी स्वतः निवडतो."

तिने हेही सांगितलं की तिच्या चर्चमधल्या लोकांना हे आवडत नाही. तिच्या गावातही आता थोडेच ठेवतात, काहीजण प्लॅस्टिकची बाहुली ठेवतात, काहीजण फोटो. तिच्या आईने मात्र हिच्या मेलेल्या जुळ्या बहिणीची मूर्ती शेवटपर्यंत ठेवली होती. "रोज न्हाऊ घालायचं, लाल पूड लावायची, जिवंत मुलाला जे द्याल ते थोडं त्यालाही. नाहीतर त्याला एकटं वाटतं आणि तो दुसऱ्याला बोलावतो."

त्या दिवसापासून बायको त्याला न्हाऊ घालू लागली. कोमट पाण्याने, मुलीच्या टॉवेलने. वरच्या कपाटातलं खोकं तिने उतरवलं, पण त्यातले कपडे त्याला मोठे झाले, म्हणून पांढऱ्या लोकरीचं झबलं विणलं. मुलीच्या ताटाशेजारी एका बशीत वरणभाताचा घास ठेवायची. मुलगी त्याला 'ओनीचान', दादा, म्हणायची. तिच्या खेळण्यांतलं काहीबाही त्याच्यापुढे नेऊन ठेवायची. बायको हसू लागली. मी हे मुद्दाम लिहितो आहे. चार वर्षांत न हसलेली माझी बायको त्या आठ महिन्यांत हसत होती, मुलीबरोबर सायकलवर गाणी म्हणत होती. तिला बरं वाटत होतं हे दिसण्याइतके डोळे मला होते.

व्हिडिओ कॉलवर एकदा माझ्या आईने ते पाहिलं. "अगंबाई, ते काळं काय ठेवलंय? करणीचं असतं असलं काहीतरी! बाहेर टाक आधी." माझ्या घरच्या देव्हाऱ्यात पणजोबांचा चांदीचा टाक आहे. रोज घासून त्याचं नाक, डोळे, सगळं गेलंय. आई त्याला दररोज न्हाऊ घालते, गंध लावते, नैवेद्य दाखवते. मी तिला हे म्हणालो नाही. म्हणालो, "बघतो."

बायकोला मात्र आईचं कारण सांगितलं नाही. कॉलेजात असताना मी अंधश्रद्धेवर भाषणं दिली होती. ती बाहेर काढली. मुलीच्या मनावर काय परिणाम होईल, शाळेत सांगेल, लोक हसतील. बायको ऐकून घेऊन म्हणाली, "तुला काय त्रास आहे त्याचा? तुझ्याकडे काही मागतो का तो?"

मागत नव्हता, नुसता बघायचा. जेवायला बसलो की समोर तो असायचा. त्याचे ते टपोरे डोळे कुणाकडेच बघत नव्हते हे मला कळत होतं, तरी मला रोज त्या मंगळवारचा पॅसेज आठवायचा. अंधश्रद्धा, आई, मुलीचं मन हे सगळं मी पुढे केलेलं होतं. खरं कारण एवढंच होतं की मला जेवण जात नव्हतं.

एका शुक्रवारी मुलीच्या बालवाडीची सहल होती. दोघी पावणेआठला सायकलवरून गेल्या. मी त्याला फडताळातून उचललं. अंगाला लाल पुडीचा वास होता. आठ महिन्यांच्या पाण्याने नाकाची कड थोडी मऊ झाली होती. आधी झबलं काढलं. कापड पुनर्वापरात जातं, त्याची वेगळी पिशवी. मग माळ काढली; काच जळत नाही, म्हणून ती 'मोएनाई गोमी'च्या पिशवीत, एका फुटक्या कपाशेजारी. कवडीचं काय करावं कळेना. वॉर्डाचं पुस्तक काढून पाहिलं. शिंपले जळणाऱ्यात. कवडी राहू दिली. पिशव्या अर्धपारदर्शक असतात, आतलं दिसतं, म्हणून त्याला जाहिरातींच्या कागदात गुंडाळलं. उघडा करून, गुंडाळून. आठला दोन मिनिटं असताना खाली, कावळ्यांनी पिशव्या फाडू नयेत म्हणून टाकलेल्या जाळीखाली ठेवून आलो आणि गॅलरीत उभा राहिलो. गाडी आली, माणसाने पिशव्या उचलून मागे फेकल्या, दाबणारं पातं खाली आलं. मग मी दाढी केली आणि ऑफिसला गेलो. त्या दिवशी दुपारी मला जेवण गेलं, हेही सांगून टाकतो.

संध्याकाळी बायकोने विचारलं, "तो कुठेय?"

"मला काय माहीत? हिने खेळायला घेतला असेल."

हे मी म्हणालो. बायको मुलीकडे वळली. मुलगी नाही म्हणाली. बायकोने पुन्हा विचारलं, मग दरडावून, मग दंडाला धरून. मुलगी "शितेनाई, शितेनाई", मी नाही केलं, म्हणत हुंदके देत होती. मी टीव्हीचा आवाज कमी केला, जणू मला शांततेची काळजी होती. तीन दिवस घर उलटंपालटं झालं. पलंगाखाली, धुण्याच्या यंत्रामागे. मीही शोधत होतो. बॅटरी धरून बायकोबरोबर सोफ्याखाली वाकलो.

मोएनाई गोमीची गाडी महिन्यातून दोनदाच येते, हे मी विसरलो होतो. तोवर ती पिशवी गॅलरीत असते. चौथ्या दिवशी बायको एक मोडकी छत्री टाकायला तिथे गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात माळ होती.

"हे काय आहे?"

"मणी."

"मणी आहेत ते मला दिसतंय. तिथे कसे गेले?"

"काच जळत नाही," मी म्हणालो.

दुसरं काहीही सुचलं असतं तर बरं झालं असतं. ती खाली बसली. म्हणाली, "म्हणजे बाकीचा जळला." मग म्हणाली, "झबल्यासकट?"

"नाही. ते कापडात टाकलं."

ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मी कुठल्यातरी दुसऱ्या खात्याचा माणूस आहे आणि नियम समजावून सांगतो आहे. मुलगी दारात उभी होती. तिने माळेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "बाबा, सुतेता नो?" टाकलंस? मी म्हणालो, "चुकून गेलं असेल गं, साफसफाई करताना हाताला लागलं..." आणि थांबलो. तिचा चेहरा बदलला होता. ती ओरडली नाही. हळूच म्हणाली, "बाबा वा कामेसान." बाबा कासव आहेत.

दोन दिवसांनी वरची बाई आली. बायको आतून बाहेर आली नाही. मी दारातच उभा राहिलो आणि ऑफिसात ग्राहकाला नाही सांगायला जी अतिनम्र जपानी वापरतात, त्या भाषेत तिला यापुढे येणं टाळावं अशी विनंती केली. तिने शांतपणे विचारलं, "त्याला टाकण्याआधी काही बोललात त्याच्याशी?" तेव्हा माझी नम्रता गेली. मी इंग्रजीत म्हणालो, "तुमच्याकडे पोरं मरतात भराभर, म्हणून तुम्हाला बाहुल्या लागतात. आम्हाला नाही लागत."

ती म्हणाली, "तुमचंही मेलं." आणि जिना चढून वर गेली. लिफ्टसाठीसुद्धा थांबली नाही.

याला चार वर्षं झाली. बायको तिच्याकडे वर जाते. तो एक मजला मी कधीच चढलेलो नव्हतो. गेल्या महिन्यात चढलो. मुलीच्या नवव्या वाढदिवसाच्या आधी दुसरी मूर्ती मागवता येईल का, असं विचारलं. हात जोडून विचारलं. ती निळ्या हातांनी दाराची चौकट धरून उभी होती. काका आता नाहीत, म्हणाली, पण त्यांचा मुलगा कोरतो. बापाने मागितलं तर नाही म्हणत नाहीत. मात्र आई घेईल का, ते आधी विचारून या. मला तिने बाबा इबेजी म्हटलं नाही. आमच्या फ्लॅटच्या नंबराला जपानी आदराचं 'सान' लावून हाक मारली, इथले शेजारी मारतात तशी.

मी खाली येऊन विचारलं. बायको मुलीच्या शाळेचा डबा धूत होती. नळ बंद न करता म्हणाली, "नको."

"का? मी स्वतः मागितलाय. मी रोज न्हाऊ घालीन."

"दोनदा गेला तो तुझ्या हातून. तिसऱ्यांदा देणार नाही."

दोनदा, म्हणाली ती. म्हणजे तो फोन ती विसरली नव्हती. इतकी वर्षं तिने तो मला ऐकवला नव्हता, एवढंच. नळ वाहत राहिला. ती माळ तिच्या हातात असते, बांगड्यांच्या मागे. बायको ती काढत नाही.

वाढदिवसाला मी मुलीला नदीवर घेऊन गेलो. तिथून निघताना ती मागे रेंगाळली. मी पुढे जाऊन हाक मारली. मग काय वाटलं कोण जाणे, टाळी वाजवून म्हणालो, "आलो ओ!"

ती धावत आली. धापा टाकत म्हणाली, "आले, बाबा."

व्याकरण अगदी बरोबर होतं. मीच शिकवलं होतं.